गुरांच्या हाडांचा मनोरा

मराठीत 'हस्तिदंती मनोरा' म्हटलं की कोण डोळ्यासमोर येतं ते सांगायला नको. पुस्तकात डोकं घालून बसलेला, कांद्याचा भाव माहीत नसलेला विद्वान. कोरियन भाषेतही हा शब्दप्रयोग आहे, 'सांगाथाप'. पण तिथल्या लोकांनी त्यात एक शब्द बदलला आणि विद्यापीठाला 'उगोलथाप' म्हणायला लागले. म्हणजे गुरांच्या हाडांचा मनोरा. पोराच्या कॉलेजची फी भरायला बाप गोठ्यातलं जनावर विकायचा, आणि अशा विकलेल्या जनावरांच्या जिवावर सोलमधल्या विद्यापीठांच्या इमारती उभ्या आहेत, असा त्याचा अर्थ. साठ-सत्तरच्या दशकातला हा शब्द. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

आज हे आठवायचं कारण म्हणजे ॲडमिशनचा सीझन. आमच्या तालुक्याच्या गावात झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग आहे, सेतू केंद्रात रांग आहे, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, सगळीकडे बाप लोक पिशवी घेऊन उभे. आणि आम्हा वार्ताहरांकडे दरवर्षीप्रमाणे दोन प्रकारच्या बातम्या येतायत. एक, 'हमालाच्या मुलाची गगनभरारी'. दोन, 'हुशार मुलीला हवा मदतीचा हात', खाली बँकेचा खाते क्रमांक. दोन्ही बातम्या वाचक आवडीने वाचतात. दुसऱ्या बातमीने कधीकधी खरोखर पैसे जमतात आणि एक मुलगी इंजिनिअरिंगला जाते. चांगलंच आहे.

पण हुशार गरीब पोराची फी कोणी भरायची? बापाने, दात्याने, टीव्हीने की सरकारने? या प्रश्नाची चारही उत्तरं दक्षिण कोरियाने गेल्या साठेक वर्षांत करून पाहिली. आणि त्यातलं तिसरं उत्तर, म्हणजे टीव्हीवरचा एक क्विझ शो, त्या देशात इतका गाजला की आजही पन्नाशी-साठीतल्या कोरियन माणसाला त्याची सुरुवातीची धून ऐकवली तर तो रविवारची सकाळ आहे असं समजून सरळ बसेल. त्या शोची ही गोष्ट. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी परीक्षेचं वेड समजून घेऊ

कोरियात परीक्षा ही शाळेची गोष्ट कधीच नव्हती, ती राज्याची गोष्ट होती. चीनच्या धर्तीवर सरकारी अधिकारी निवडायची परीक्षा, 'क्वागो', तिथे इसवी सन ९५८ मध्ये सुरू झाली आणि १८९४ मध्ये बंद झाली. म्हणजे नऊशेहून जास्त वर्षं. या परीक्षेत पहिला येणाऱ्याला 'जांगवॉन' म्हणत. राजा त्याच्या टोपीत कागदी फुलं खोवायचा आणि तो ती मिरवत गावी यायचा. आपल्याकडे एमपीएससीतून पोस्ट काढलेल्या पोराची गुलाल उधळत जीपमधून मिरवणूक निघते ना, तसंच, फक्त नऊशे वर्षं. हा 'जांगवॉन' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर जपानची गुलामगिरी आली, १९४५ ला ती संपली, मग १९५० ते ५३ युद्ध झालं. देश बेचिराख. जमीन, कारखाना, सोनंनाणं, कशाचाच भरवसा राहिला नाही. पोराला शिकवणं एवढीच गुंतवणूक उरली, जी कोणी जाळून टाकू शकत नव्हतं. त्यामुळे प्राथमिक शाळा संपवून चांगल्या मिडल स्कूलमध्ये जायचं तर प्रवेश परीक्षा, तिथून चांगल्या हायस्कुलात जायला परीक्षा, पुढे विद्यापीठासाठी परीक्षा. बारा वर्षांची पोरं रात्र रात्र घोकत बसायची.

हे वेड कुठवर गेलं होतं त्याचा एक किस्सा आहे. डिसेंबर १९६४. सोलमधल्या मिडल स्कूल प्रवेश परीक्षेत विज्ञानाचा एक प्रश्न आला. कोरियात धान्यापासून 'योत' नावाची चिक्कट मिठाई करतात. ती करताना मोड आलेल्या धान्याऐवजी काय वापरता येईल, असा प्रश्न. पर्यायांतलं अधिकृत उत्तर होतं डायस्टेज. पण मुळ्याचा रस हाही एक पर्याय होता, आणि मुळ्याच्या रसातही डायस्टेज असतं असं शाळेच्या पुस्तकातच दिलेलं. एका मार्कावर ॲडमिशन जात होती. पालक भडकले. आयांनी घरी खरोखर मुळ्याचा रस घालून योत केली, पातेल्यासकट शिक्षण कार्यालयात नेली आणि साहेबांपुढे ठेवली, की खाऊन बघा, झाली की नाही? प्रकरण कोर्टात गेलं. १९६५ मध्ये कोर्टाने पालकांच्या बाजूने निकाल दिला आणि ३८ मुलांना हवी ती शाळा मिळाली.

हसू येतं, पण थोडं थांबून विचार करा. एका मिठाईच्या प्रश्नावर बारा वर्षांच्या लेकराचं आयुष्य ठरतंय आणि आई पातेलं घेऊन सरकारशी भांडतेय. तिच्याकडे दुसरं हत्यार नव्हतं.

मग आली सोडत

ही सगळी ओढाताण बघून सरकारने १९६८ मध्ये जाहीर केलं, की मिडल स्कूलची प्रवेश परीक्षा बंद. १९६९ पासून सोलमध्ये आणि पुढच्या दोन वर्षांत देशभर. त्याऐवजी काय? सोडत. मुलगा यायचा, हाताने फिरवायचं एक यंत्र फिरवायचा, त्यातून गोळी पडायची, गोळीवरच्या नंबराप्रमाणे त्याच्या भागातली शाळा मिळायची. मंत्र्याचा मुलगा असो नाहीतर भाजीवालीचा.

पुढे १९७३ मध्ये सरकारने हाच प्रकार हायस्कूललाही लावायचं जाहीर केलं आणि १९७४ पासून सोल आणि बुसान या दोन मोठ्या शहरांत ते लागू झालं. नामांकित शाळांची ऐट गेली. जुन्या नावाजलेल्या शाळांचे माजी विद्यार्थी नाराज झाले, 'हुशारीचा अपमान' वगैरे बरंच बोललं गेलं. आजही तिथे हा वाद संपलेला नाही.

आता गंमत बघा. ज्या वर्षी सरकारने हुशार पोरांना वेगळं काढणारी चाळणी मोडायचं ठरवलं, त्याच १९७३ मध्ये, १८ फेब्रुवारीला, एमबीसी या वाहिनीवर एक नवी चाळणी सुरू झाली. तिचं नाव 'जांगहाक क्विझ'. जांगहाक म्हणजे शिष्यवृत्ती. आपल्या भाषेत 'शिष्यवृत्ती क्विझ'.

रविवारची सकाळ

कार्यक्रमाचा साचा साधा होता. हायस्कूलचे विद्यार्थी स्पर्धक. अंगावर शाळेचा गणवेश, मुलांचे केस बारीक कापलेले, मुलींचे कानापर्यंत, कारण तेव्हा तसा नियमच होता. प्रश्न शाळेच्या अभ्यासातले: इतिहास, विज्ञान, गणित, साहित्य, भूगोल. सुरुवातीला वाजायची हायडन या युरोपियन संगीतकाराच्या ट्रम्पेट कॉन्चेर्टोतली धून. कित्येक कोरियन लोकांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली ही एकच रचना ओळखता येते आणि तीही 'क्विझची धून' म्हणून. निवेदक होते चा इन-थे. सुमारे सतरा वर्षं एकाच माणसाने हा कार्यक्रम चालवला, शांत आवाजात, आरडाओरडा न करता.

आणि जिंकणाऱ्याला काय म्हणायचे? जांगवॉन. आठवड्याचा जांगवॉन, मग महिन्याचा जांगवॉन, मग त्यांच्यातून पूर्ण मोसमाचा जांगवॉन. ऐंशी वर्षांपूर्वी बंद पडलेली राजाची परीक्षा टीव्हीच्या डब्यात पुन्हा जिवंत झाली. फक्त टोपीतल्या कागदी फुलांऐवजी बक्षीस होतं शिष्यवृत्तीचं, आणि सर्वांत वरच्या पायरीवर पोचलेल्याला विद्यापीठाच्या चार वर्षांची फी.

शाळेच्या ज्ञानावर कॉलेजचा खर्च मिळवून देणारे कार्यक्रम जगात इतरत्रही झाले. अमेरिकेत वॉशिंग्टनमधला 'इट्स अकॅडेमिक' १९६१ पासून चालू आहे. पण तिथे तो एका शहराचा, शाळा-शाळांमधला मामला. कोरियात अख्खा देश एकाच वेळी एकच पडदा बघत होता. गावात ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओट्यावर गर्दी. आपल्यातल्या चाळिशी ओलांडलेल्यांना हे चित्र 'रामायण'च्या वेळचं आठवेल. तिथे मात्र लोक बघायला जमायचे ते शेजारच्या जिल्ह्यातला कोणी पोरगा न्यूटनचा नियम सांगतो की नाही हे.

हा कार्यक्रम लोकांना इतका का आवडला? मला वाटतं, त्यात वशिला नव्हता म्हणून. बझर सगळ्यांपुढे दाबला जायचा, उत्तर सगळ्यांपुढे दिलं जायचं, गुण सगळ्यांपुढे पडायचे. कारकुनाच्या टेबलाखालून काही सरकवायची सोय नव्हती. ज्या समाजात बहुतेक गोष्टी ओळखीने होतात, तिथे अर्धा तास असा मिळणं हीच मोठी गोष्ट असते. लोक त्या पोरांत स्वतःची पोरं बघत होते.

पैसा कुणाचा होता

आता पत्रकाराच्या सवयीने विचारतो: पैसा कुणाचा?

'सनक्याँग' नावाची कापडाची कंपनी. १९५३ मध्ये सुवॉन शहरात सुरू झालेली, नंतर पॉलिएस्टरमध्ये उतरलेली. संस्थापकाचे धाकटे भाऊ चे जोंग-ह्यॉन अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि शिकागोला शिकून आलेले. थोरले भाऊ १९७३ मध्ये वारले आणि कारभार यांच्याकडे आला. 'जांगहाक क्विझ'ला एकट्याने प्रायोजकत्व देणारी कंपनी ती हीच. आज तिला आपण एसके म्हणून ओळखतो. मोबाईल, पेट्रोलियम, मेमरी चिप, सगळ्यात असलेला अवाढव्य उद्योगसमूह.

चे जोंग-ह्यॉन यांना श्रेय द्यायलाच हवं. त्यांनी १९७४ मध्ये उच्च शिक्षणासाठी एक प्रतिष्ठान काढलं, त्यातून विद्यार्थी परदेशात पीएचडीला जाऊ लागले. त्याआधी १९७२ मध्ये त्यांनी उजाड डोंगरांवर झाडं लावणारी कंपनी काढली, कल्पना अशी की झाडं वाढतील, त्यांच्या उत्पन्नातून शिष्यवृत्त्या चालतील. तीस-चाळीस वर्षांनी फळ येणारी झाडं लावून शिष्यवृत्तीचा हिशेब मांडणारा उद्योगपती रोज भेटत नाही.

पण कंपनीला काय मिळालं तेही बघू. दर रविवारी सकाळी, देशातल्या प्रत्येक घरात, सर्वांत हुशार पोरांच्या शेजारी कंपनीचं नाव. पाच-पन्नास पोरांच्या फीच्या पैशात एका पिढीच्या मनात 'ही माणसं शिक्षणासाठी करतात' अशी जागा. यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ जाहिरात मला तरी माहीत नाही. २००० मध्ये एसकेने चीनमध्ये धंदा वाढवताना बीजिंग टीव्हीवर असाच क्विझ शो सुरू केला, त्याचं नावही 'जांगवॉन'च्याच मूळ चिनी शब्दावरून. म्हणजे कंपनीलाही त्याची किंमत नीट कळलेली होती. यात पाप काही नाही. फक्त दान आणि जाहिरात एकाच ताटात जेवत होती, एवढं नोंदवून ठेवू.

जे प्रश्न विचारले जात नव्हते

ऑक्टोबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी लष्करी कायदा लावला, संसद बरखास्त केली, विद्यापीठं बंद केली आणि नवी राज्यघटना आणून स्वतःला जवळजवळ कायमचं खुर्चीवर बसवलं. चारच महिन्यांनी हा क्विझ शो सुरू झाला. एप्रिल १९७४ मध्ये सरकारने आणीबाणीचा चौथा हुकूम काढला. विद्यार्थ्यांच्या आंदोलनात भाग घेतला तर तुरुंग, आणि जास्तीत जास्त शिक्षा फाशी.

आता हे दोन पडदे शेजारी ठेवून बघा. रविवारी सकाळी स्टुडिओत सतरा वर्षांचा मुलगा प्रश्नाचं बरोबर उत्तर देतो, टाळ्या पडतात, त्याला विद्यापीठाची फी मिळते. तो विद्यापीठात जातो आणि तिथे स्वतः एखादा प्रश्न विचारतो, की निवडणूक का नाही, कामगाराला पगार का नाही, तर त्याला पोलीस उचलतात.

कार्यक्रमवाल्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण क्विझचा स्वभावच असा आहे. तिथे प्रश्न कोणीतरी दुसरा विचारतो, उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि पाकिटात बंद असतं. हुशार म्हणजे चटकन उत्तर देणारा. उलटा प्रश्न विचारणाऱ्याला तिथे गुण नाहीत. हुकूमशाहीला अशी हुशारी चालते, आवडते. पातेल्यात योत घेऊन 'तुमचंच उत्तर चूक आहे' म्हणणारी आई मात्र चालत नाही.

टीव्ही किती जणांची फी भरणार?

साधा हिशेब. वर्षात रविवार बावन्न. म्हणजे आठवड्याचे विजेते फार तर बावन्न. महिन्याचे बारा. चार वर्षांची पूर्ण फी मिळवणारे त्याहूनही कमी. देशात हायस्कूलची पोरं लाखोंनी. बाकीच्यांची फी कोण भरत होतं? तोच, गोठ्यातलं जनावर विकणारा बाप. आणि एक फार न बोललं गेलेलं उत्तर: कापड गिरण्यांत, विगच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बहिणी. भाऊ शिकावा म्हणून शाळा सोडून शहरात कामाला गेलेल्या मुली हा त्या काळाच्या कोरियातला घराघरातला विषय होता. त्या मुलींसाठी बझर नव्हता.

१९८० मध्ये पुन्हा लष्करी उठाव होऊन चुन डू-ह्वान आले. लोकांना खूश करायला त्यांनी जुलै १९८० मध्ये एका फटक्यात खासगी शिकवण्यांवर बंदी घातली आणि विद्यापीठातल्या जागा वाढवल्या. शिकवणीवरची बंदी कागदावर राहिली, श्रीमंतांनी चोरून शिकवण्या चालू ठेवल्या, आणि २००० मध्ये तिथल्या घटनापीठाने ती बंदीच घटनाबाह्य ठरवली. जागा मात्र वाढत गेल्या. १९८० मध्ये हायस्कूल संपवणाऱ्यांपैकी साधारण २७ टक्के पुढे कॉलेजात जायचे. २००८ मध्ये हे प्रमाण ८४ टक्क्यांच्या घरात पोचलं. जगात क्वचित कुठे झालेली गोष्ट.

पण या जागा होत्या कुठे? बहुतेक खासगी विद्यापीठांत. आणि १९८९ मध्ये सरकारने खासगी विद्यापीठांना फी ठरवायची मोकळीक दिली. पुढे काय झालं असेल ते महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. जागा मुबलक, फी आभाळाला. जनावरं विकून भागेना तेव्हा कर्ज आलं. पदवी हातात आणि डोक्यावर कर्ज, नोकरीचा पत्ता नाही, अशी पिढी तयार झाली. २०११ मध्ये ओईसीडीच्या अहवालात कोरियाची विद्यापीठ फी अमेरिकेच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर निघाली.

दरम्यान आपला क्विझ शो? रंगीत टीव्ही आला, गणवेश गेले, नाचगाण्याचे कार्यक्रम वाढले, प्रेक्षक घटले. १९९६ मध्ये एमबीसीने कार्यक्रम बंद केला. १९९७ मध्ये ईबीएस या शैक्षणिक वाहिनीने तो उचलला, प्रायोजक तेच. २०२३ मध्ये त्याला पन्नास वर्षं झाली, समारंभ झाला, जुने जांगवॉन भेटले. कार्यक्रम टिकला, पण 'फी कोण भरणार' या प्रश्नाचं उत्तर म्हणून आता त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. एका जांगवॉनच्या फीने देशाचं मन भरायचे दिवस गेले होते.

मेणबत्त्या

उत्तर शेवटी आलं रस्त्यावरून. २०११ च्या मे-जूनमध्ये सोलच्या चौकात संध्याकाळी विद्यार्थी मेणबत्त्या घेऊन बसू लागले. मागणी दोन शब्दांची: 'निम्मी फी'. ही घोषणा त्यांची स्वतःची नव्हती. २००६ च्या निवडणुकीत तेव्हाच्या विरोधी पक्षानेच ती दिली होती, नंतर तो पक्ष सत्तेत आला आणि विसरला. पोरांनी फक्त आठवण करून दिली. आधी शे-दोनशे, मग हजारो. आयाबापही येऊन बसले.

हे बसलेले सगळे जांगवॉन नव्हते. मध्यम मार्कांची, कुठल्याही क्विझमध्ये पहिल्या फेरीत बाद होतील अशी पोरं होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की शिकण्यासाठी आम्हाला असामान्य असण्याची अट का?

२०१२ पासून सरकारने राष्ट्रीय शिष्यवृत्ती सुरू केली. कुटुंबाच्या उत्पन्नानुसार दहा पायऱ्या केल्या, खालच्या पायरीला जास्त पैसे, वरच्या पायरीला कमी किंवा काही नाही. त्याच वर्षी सोल महापालिकेच्या विद्यापीठाने फी खरोखर निम्मी केली. त्यानंतर २०१९ ते २०२१ दरम्यान टप्प्याटप्प्याने हायस्कूल मोफत झालं. सगळं आलबेल झालं असं नाही. खासगी क्लासचा राक्षस तिथे आपल्यापेक्षाही मोठा आहे, पोरांवरचा ताण भयंकर आहे. पण 'फी कोण भरणार' याचं उत्तर निदान बदललं. बापाकडून दात्याकडे, दात्याकडून टीव्हीकडे, आणि अखेर जिथे जायला हवं तिथे, सरकारी तिजोरीकडे.

एक शेवटची गंमत सांगतो. २०१६ च्या शेवटी 'जांगहाक क्विझ'मध्ये एका यंत्राला उतरवलं. 'एक्सोब्रेन' त्याचं नाव, कोरियाच्या सरकारी संशोधन संस्थेने बनवलेलं. समोर तल्लख माणसं, त्यात जुने विजेतेही. ६०० पैकी यंत्राला ५१० गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला ३५०. म्हणजे पाठ केलेलं चटकन सांगणं हीच हुशारी असेल तर जांगवॉन आता यंत्र आहे, आणि यंत्राला फी भरावी लागत नाही. फी लागते ती माणसांना, कमी-जास्त हुशार अशा सगळ्याच माणसांना.

आता आपल्याकडे

कोरियाची गोष्ट सांगून थांबलो असतो, पण ती सोडत मनातून जात नाही.

आपल्याकडेही सोडत आहे. आरटीईच्या पंचवीस टक्के जागांची. खासगी शाळेत गरिबाचं पोर चिठ्ठीने जातं, मार्काने नाही. आणि बघा, या सोडतीवर लोकांचा राग किती. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली, मग जुलैमध्ये तो बदल रद्द केला. त्याची चर्चा गावात किती झाली? टीव्हीवरच्या एखाद्या करोडपतीची जेवढी होते त्याच्या शंभराव्या हिश्शानेही नाही.

त्याच जुलैत राज्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. निर्णय मोठा आहे. यशवंतराव चव्हाणांच्या काळातल्या ईबीसी सवलतीने कित्येक घरांतली पहिली पदवी आली, त्या रांगेत बसणारा आहे. पण निर्णय कागदावर असणं आणि कॉलेजच्या खिडकीवर 'आधी भरा, मग परत मिळतील' न ऐकायला लागणं यात अंतर आहे. ते अंतर मोजायचं काम बझरवाल्या अँकरचं नाही. ते तुमचं-माझं आहे.

गगनभरारीची बातमी मी यंदाही लिहिणार. त्या पोराने कष्ट केलेत, त्याचं कौतुक व्हायलाच हवं, त्याच्या आईने पेढे वाटायलाच हवेत. फक्त ती बातमी वाचून आपण 'बघा, जिद्द असली की होतं' म्हणून पेपर घडी करून ठेवतो ना, तिथे घोटाळा होतो. जिद्द असलेल्या बाकीच्या एकोणचाळीस पोरांचं त्या वर्गात काय झालं, हे विचारायचं राहून जातं. कोरियाला ते विचारायला क्विझ सुरू झाल्यापासून अडतीस वर्षं लागली.

तर एक काम करा. तुमच्या गल्लीतल्या, भावकीतल्या, शेतावर कामाला येणाऱ्याच्या घरातल्या एका पोरीला विचारा, यंदा कॉलेजने तुझ्याकडून फी घेतली का? घेतली असेल तर पावती मागा. महाडीबीटीवर अर्ज कुठे अडकलाय ते बघा. पैसे गोळा करायची वेळ येण्याआधी ही पावती बघा, कारण बऱ्याचदा तिथे दानाची गरज नसते, हक्काचे पैसे कुठेतरी अडकलेले असतात.

पावत्या पाठवा. मी छापतो.